घरी बांधायचा व्होल्टेज-नियंत्रित ऑसिलेटर : ३,००० रुपयांत काय जमेल?

काळी_दोन (प्रश्नकर्ता):
पुढे लहानसा सिंथेसायझर उभा राहावा आणि तोवर रियाजाला उपयोग व्हावा, म्हणून व्होल्टेजने स्वर बदलणारा ऑसिलेटर घरी बांधायचा आहे. माझा षड्ज काळी दोनचा, म्हणजे सुमारे १५५.६ हर्ट्झ आहे. प्रत्येक स्वराला एक मल्टिटर्न प्रीसेट (अनेक फेऱ्यांनी बारकाईने जुळवायचा रेझिस्टर) आणि एक बटण लावण्याचा विचार आहे. शुद्ध गांधार तानपुऱ्याशी मिळालाच पाहिजे, ही माझी मुख्य अट आहे. वीजपुरवठा धरून ३,००० रुपयांपलीकडे जाता येणार नाही. कोणते सर्किट घ्यावे?

जुना_ट्रान्झिस्टर:
सीईएम ३३४० किंवा लॅटव्हियात बनणारी ए एस ३३४० ही तयार ऑसिलेटर-चिप घ्या. १९८० च्या प्रॉफेट-५ सिंथेसायझरमध्ये हीच चिप होती आणि तापमानाची भरपाई तिच्या आतच केलेली असते. माझ्याकडे अशा चार आहेत. पेटी आणि तयार वीजपुरवठ्यासह माझा खर्च पंधरा हजारांवर गेला, पण आजवर एकदाही पश्चात्ताप झालेला नाही.

रात्रपाळी:
चिपचे नंतर पाहा, आधी वीजपुरवठ्याकडे लक्ष द्या. अधिक १२ व्होल्ट देणाऱ्या ७८१२ रेग्युलेटरच्या पहिल्या पायावर इनपुट आणि दुसऱ्यावर ग्राउंड असते, तर उणे १२ व्होल्ट देणाऱ्या ७९१२ च्या पहिल्या पायावर ग्राउंड आणि दुसऱ्यावर इनपुट. शिवाय ७९१२ ची धातूची पाठ इनपुटला जोडलेली असते. मी दोन्ही रेग्युलेटर एकाच हीट सिंकवर मध्ये विद्युतरोधक अभ्रक न घालता बसवले आणि ट्रान्सफॉर्मर जाळून घेतला.

तपकीर_गल्ली:
महागड्या चिपची गरज नाही. बीसी ५४७ ट्रान्झिस्टरचे पन्नास नग घ्या, मल्टिमीटरने त्यांतली जुळणारी जोडी निवडा आणि दोन्ही ट्रान्झिस्टर पाठीला पाठ लावून चिकटवा. मोजताना त्यांना बोटांनी धरू नका, कारण एका अंशाने तापमान वाढले की बेस-एमिटर व्होल्टेज सुमारे २ मिलिव्होल्टने उतरते, आणि या जोडीत एक अख्खे सप्तक जेमतेम १८ मिलिव्होल्टमध्ये मावते. तापमानाच्या भरपाईसाठी अंशामागे ३,३०० पीपीएमने (दशलक्षात ३,३०० भागांनी) वाढणारा रेझिस्टर लागतो. तो आमच्या गल्लीत मला कधीच मिळाला नाही, बाहेरून मागवावा लागला.

मोकळी_मात्रा:
मीही ३३४० च सांगेन. मात्र विक्रेता पारखून घ्या, कारण मला एकदा नाव खोडून नव्याने छापलेली चिप मिळाली होती.

गांधारप्रेमी:
प्रश्नात गांधाराची अट आहे, तिच्याकडे कोणीच पाहिलेले नाही. एक व्होल्टला एक सप्तक या मापात समसप्तकाचा (सप्तकाचे बारा समान भाग करून येणारा) गांधार षड्जापासून ०.३३३ व्होल्टवर, तर तानपुऱ्यात ऐकू येणारा शुद्ध गांधार ०.३२२ व्होल्टवर पडतो. हा ११ मिलिव्होल्टचा फरक सवयीच्या कानाला स्पष्ट खटकतो.

जुना_ट्रान्झिस्टर:
म्हणजे प्रीसेट ११ मिलिव्होल्टने खाली फिरवायचा, एवढेच. एक व्होल्टला एक सप्तक हे माप सिंथेसायझर बनवणाऱ्या मूग यांच्यापासून रूढ आहे आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी उभारलेल्या स्टुडिओतही मूगचेच यंत्र होते. त्या मापाबाहेर गेल्यास पुढे घेतलेले कोणतेही मॉड्यूल (सिंथेसायझरचा जोडभाग) जुळणार नाही.

गांधारप्रेमी:
ते एकमेव माप नाही. सिंथेसायझर बनवणाऱ्याच बुक्ला यांनी सप्तकाला १.२ व्होल्ट घेतले, तर १९७८ च्या कॉर्ग एमएस-२० या सिंथेसायझरमध्ये कंपनसंख्या थेट व्होल्टेजच्या प्रमाणात वाढते.

काळी_दोन (प्रश्नकर्ता):
सर्वांचे आभार. शेवटचे वाक्य वाचून मी निर्णय बदलला आणि आता तो बहुतेकांच्या सल्ल्याविरुद्ध जाणार आहे. कंपनसंख्या व्होल्टेजच्या प्रमाणात असेल तर आपल्या स्वरांची गुणोत्तरे सरळ व्होल्टमध्ये मांडता येतात : षड्ज ४, ऋषभ ४.५, गांधार ५, पंचम ६, निषाद ७.५ आणि तार षड्ज ८. व्होल्टचे सप्तक करणारी ट्रान्झिस्टरची जोडी नको आणि तो खास रेझिस्टरही नको. चार ऑप-अँप (सिग्नल वाढवणारे घटक) असलेल्या एलएम ३२४ चिपच्या माहितीपत्रकात असा ऑसिलेटर दिलेला आहे आणि तो एकेरी (उणे बाजू नसलेल्या) १२ व्होल्टवर चालतो, त्यामुळे ७९१२ चीही गरज उरत नाही. पुढे एखादे मॉड्यूल जुळले नाही तर ती अडचण मी तेव्हा सोडवीन.

तपकीर_गल्ली:
मग सगळे प्रीसेट एकाच स्थिर व्होल्टेजवर टांगा आणि ते व्होल्टेज एलएम ३१७ या बदलता येणाऱ्या रेग्युलेटरने बनवा. षड्ज बदलायचा झाल्यास तेवढे एकच फिरवावे लागेल आणि स्वरांची प्रमाणे टिकतील. प्रीसेट आणि ऑसिलेटर यांच्यामध्ये ३२४ मधला उरलेला एक ऑप-अँप बफर म्हणून घाला, नाहीतर ऑसिलेटरच्या भाराने मांडलेली व्होल्टेजे उतरतील. कपॅसिटर पॉलिएस्टरपेक्षा पॉलिप्रॉपिलीनचा घ्या, तो तापमानाने कमी बदलतो.

जुना_ट्रान्झिस्टर:
मी अजूनही ३३४० च घेतली असती. पण हेच करणार असाल तर लक्षात ठेवा की ३२४ मंद आहे, मायक्रोसेकंदाला साधारण अर्ध्या व्होल्टचीच उडी घेते, त्यामुळे वरचे स्वर किंचित उतरलेले येतील. मल्टिमीटरवर ८.०० दिसले म्हणून थांबू नका. तानपुरा लावून तार षड्ज कानाने चढवा, आणि मग त्याच क्रमाने निषाद व पंचम तपासा.