मदत हवी आहे: संग्रहातला पुढचा घडीचा चाकू – हिगोनोकामी, बक ११० की डूक-डूक?

नमस्कार मंडळी,

घडीच्या चाकूंचा माझा छोटासा संग्रह आहे. त्यात पुढचा कोणता घ्यावा, यावर तुमचा सल्ला हवा आहे. तीन नावांपर्यंत आले आहे, पण तिथून पुढे मन ठरत नाही.

आधी संग्रहाची दिशा सांगते, म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल. उघडलेलं पातं उघडंच कसं राहतं, या एका प्रश्नाभोवती मी चाकू जमवते. घडीच्या चाकूतली खरी कारागिरी मला तिथे दिसते. कापताना पातं बोटांवर मिटता कामा नये, खिशात आपोआप उघडता कामा नये, आणि तरीही हाताने सहज उघडमीट झाली पाहिजे. हे साधायला कुणी स्प्रिंग वापरली, कुणी कडं फिरवलं, कुणी नुसत्या खिळ्याच्या आवळपणावर भागवलं. एकाच तऱ्हेचे चाकू वेगवेगळ्या रंगांच्या मुठींत घेण्यापेक्षा वेगवेगळ्या युक्त्या हाताळायला मिळाव्यात, असं मला मनापासून वाटतं.

सध्या जे आहे त्यात सर्वांत लाडका व्हिक्टोरिनॉक्सचा पायोनियर. ९३ मिमी, खवल्याखवल्यांची ॲल्युमिनियमची मूठ, म्हणजे ज्याला ॲलॉक्स म्हणतात ती. मोठं पातं, टोचा, डबा उघडायचं आणि बाटली उघडायचं हत्यार, बस. १९६१ पासून २००८ पर्यंत स्विस सैनिकांना मिळत असलेल्या चाकूचाच हा जवळचा भाऊ. यात पात्याला कुलूप नाही. पाठीची पोलादी पट्टी पात्याच्या मुळावर दाबून बसते आणि त्या ताणावर पातं थांबतं. उघडताना आणि मिटताना येणारा टक् आवाज इतका स्वच्छ आहे की तेवढ्यासाठी तो हातात घ्यावासा वाटतो.

दुसरा ओपिनेल नंबर ८, कार्बन स्टीलचा. फ्रान्सच्या साव्वा प्रांतात जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये हा चाकू घडवला, तेव्हा त्यात कुलूप नव्हतं. फिरवायचं कडं १९५५ मध्ये आलं. बीच लाकडाची गोल मूठ, साडेआठ सेंमीचं पातं, आणि कडं फिरवलं की पातं पक्कं. इतक्या कमी भागांत इतका भरवशाचा चाकू दुसरा नसावा. मी रत्नागिरीला राहते. इथल्या पावसाळ्यात त्याचं लाकूड फुगतं आणि पातं आत रुतून बसतं. तेव्हा मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर हलकेच ठोकायचं, पातं थोडं पुढे सरकतं आणि मग चिमटीत धरून ओढता येतं. साव्वातले लोकही हेच करतात. पाऊस सरल्यावर सांध्याला जवसाचं तेल पाजून ठेवलं की पुढचं वर्ष बरं जातं. कैऱ्या आणि आवळे कापून त्याच्या पात्यावर निळसर राखाडी छटा चढली आहे. ती मी मुद्दाम राखली आहे, कारण त्या थराखाली तांबडा गंज सहसा धरत नाही.

तिसरा आजोळहून आलेला दोन पात्यांचा जुना पेनाचा चाकू. पात्याच्या मुळाशी ‘शेफील्ड, इंग्लंड’ एवढंच वाचता येतं, कारखान्याचं नाव झिजलं आहे. मूठ पिवळट पांढरी, हस्तिदंतासारखी दिसणारी. याबद्दल शेवटी एक वेगळा प्रश्न आहे.

आता पुढचा.

पहिला उमेदवार हिगोनोकामी. जपानच्या ह्योगो प्रांतातल्या मिकी गावचा. एकेकाळी तिथे अनेक कारागीर हा चाकू करत, जपानी शाळकरी मुलं पेन्सिलींना टोक करायला हाच वापरत. १९६० नंतर मुलांच्या हाती चाकू नको अशी चळवळ झाली आणि धंदा बसला. आज हे नोंदलेलं नाव लावून चाकू करणारं नागाओ कानेकोमा हे एकच घर उरलं आहे. रचना बघा: दुमडलेल्या पितळी पत्र्याची मूठ, एक खिळा, एक पातं. स्प्रिंग नाही, कुलूप नाही. पात्याला मागे एक शेपटी आहे, चिकिरी म्हणतात तिला. पातं उघडल्यावर ती मुठीच्या पाठीवर येते आणि कापताना तुमचा अंगठा तिच्यावर असतो. म्हणजे पातं उघडं ठेवण्याचं काम तुमचा हातच करतो. माझ्या संग्रहात हा प्रकार अजिबात नाही, म्हणून ओढ याच्याकडे जास्त आहे. भीती दोन गोष्टींची. पातं कार्बन स्टीलचं आणि घर समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर. शिवाय घर्षणावर चालणारा सांधा काही वर्षांत ढिला पडला तर काय करायचं?

दुसरा उमेदवार बक ११०. अमेरिकेतला, १९६४ पासूनचा. पाठीवरच्या खटक्याचे चाकू त्याआधीही होते, पण घडीचा चाकू शिकारीच्या कामाला अखंड पात्याच्या चाकूइतकाच भरवशाचा असू शकतो, हे लोकांना पटवलं ते याने. मुठीच्या पाठीत एक लांब तरफ असते. तिचं पुढचं टोक पात्याच्या मुळातल्या खाचेत बसतं, आणि मागच्या बाजूने दाबलं की सुटतं. पावणेचार इंचांचं पातं, दोन्ही टोकांना भरीव पितळ, मध्ये काळसर लाकूड. वजन सुमारे २०० ग्रॅम, म्हणजे ओपिनेलच्या चौपटीहून जास्त. खिशातला चाकू म्हणायला जड, पण मला तो पेटीतच ठेवायचा आहे, तेव्हा वजनाचं वावडं नाही. पातं स्टेनलेस असल्यामुळे इथल्या हवेत निर्धास्त.

तिसरा डूक-डूक. फ्रान्समधल्या थिएर गावचा. हे गाव शतकानुशतकं चाकूच करत आलं आहे. कॉग्ने यांच्या कारखान्यात १९२९ पासून हा बनतो. काळ्या पोलादी पत्र्याची दुमडलेली मूठ, तिच्यावर मेलानेशियातल्या एका आत्म्याची कोरलेली आकृती, मागे कडी. केला होता पॅसिफिकमधल्या वसाहतींसाठी, पण खपला उत्तर आफ्रिकेत, विशेषतः अल्जीरियात. दिसायला तिघांत हाच मला सर्वांत देखणा वाटतो. अडचण अशी की यातही पाठीची स्प्रिंगच आहे, म्हणजे पायोनियरचीच युक्ती. मात्र बांधणी पूर्ण वेगळी: मुठीत आतल्या पट्ट्या नाहीत, त्यांच्यावरची वेगळी आवरणं नाहीत, एकच पत्रा दुमडून सगळं उभं केलं आहे.

नव्या जमान्याचे, एका हाताने उघडणारे आणि खिशाला क्लिप असलेले चाकू सध्या बाजूला ठेवले आहेत. त्यांच्यातही शोध मोठे आहेत. स्पायडर्कोने १९८१ मध्ये पात्याला गोल भोक पाडलं आणि अंगठ्याने उघडण्याची रीतच बदलली. पण आधी जुन्या तऱ्हा पूर्ण कराव्यात, असा माझा क्रम आहे.

बजेट कस्टम आणि टपाल धरून आठ हजारांपर्यंत. वापर घरातच: फळं, दोऱ्या, पार्सलं, पेन्सिली.

तर या तिघांपैकी कोणता, आणि का? ज्यांनी हे चाकू किनारपट्टीच्या हवेत सांभाळले आहेत त्यांचा अनुभव मला सर्वांत मोलाचा. बकसोबत येणाऱ्या चामड्याच्या म्यानातच तो ठेवावा का, हेही सांगा. आणि तो शेफील्डचा चाकू: मूठ हस्तिदंताची की सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या तऱ्हेच्या प्लास्टिकची, हे न बिघडवता कसं ओळखायचं?

प्रतिसाद १

ताई, डोळे मिटून हिगोनोकामी. तुमच्या संग्रहाचा जो धागा आहे त्यात नेमकी हीच जागा रिकामी आहे.

सांधा ढिला पडतो हे खरं, पण त्यासारखी सोपी दुरुस्ती नाही. खिळ्याचं एक डोकं लोखंडी ठोकळ्यावर टेकवायचं आणि दुसऱ्यावर छोट्या हातोडीने हलके ठोके द्यायचे. दर दोन-तीन ठोक्यांनंतर पातं हलवून बघायचं, नाहीतर फार आवळलं जातं. जे कारखान्यात करतात तेच तुम्ही घरी करता.

घेताना पोलाद बघून घ्या. स्वस्तातले साध्या कार्बन पोलादाचे असतात. ‘आओगामी’ (शब्दशः ‘निळा कागद’, हे पोलादाच्या जातीचं नाव) पोलाद असलेला मिळाला तर तोच घ्या. त्यात क्रोमियम आणि टंगस्टन थोडं असतं, धार जास्त टिकते. ‘वारिकोमी’ लिहिलं असेल तर मधला कडक गाभा आओगामीचा आणि दोन्ही बाजूंना मऊ लोखंड. धार लावायची असली की दगडावर पात्याचा रुंद उतार अख्खा टेकवायचा, कोन हाताने धरावा लागत नाही. धार लावायला शिकण्यासाठी याहून चांगलं पातं नाही.

गंजासाठी तुमचं ओपिनेलचंच तंत्र चालेल. कैऱ्या आहेतच तुमच्याकडे.

प्रतिसाद २

मी बक ११० च्या बाजूने. वरचा सल्ला चांगला आहे, पण कोकणातल्या जुलै-ऑगस्टमध्ये कार्बन स्टीलची दोन पाती सांभाळणं म्हणजे रोजची निगा. एकाला तेल लावायचं राहिलं की दुसऱ्या दिवशी ठिपके. बकच्या पात्याला तो त्रास नाही. पितळेवर कळंक चढतो, तेवढा अधूनमधून पुसायचा.

चामड्याच्या म्यानात मात्र कायमचा ठेवू नका. चामडं दमट हवेतलं पाणी धरतं आणि कमावताना वापरलेली द्रव्यं त्यात असतात, त्याने पितळ हिरवं पडतं. म्यान वेगळं, चाकू वेगळा. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या पावसाळ्यात मधूनमधून तापवून कोरड्या करा. पात्याला खोबरेल नको, ते चिकट होऊन बसतं. औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन उत्तम, फळं कापली तरी चिंता नाही.

शेफील्डच्या मुठीचं: बोटाने जोरात घासून ऊब आणा आणि लगेच वास घ्या. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. तापवलेल्या सुईची परीक्षा कृपा करून करू नका, सेल्युलॉइड भडकन पेटतं. हस्तिदंताच्या आडव्या छेदात बारीक, एकमेकींना छेदणाऱ्या वक्ररेषा दिसतात, मुठीच्या टोकाशी भिंगातून बघा. सेल्युलॉइड निघालं तर तो चाकू आजच बाकीच्यांपासून दूर ठेवा. जुनं सेल्युलॉइड विघटन पावताना आम्लधर्मी वाफा सोडतं आणि शेजारची पाती गंजवतं. बंद डबीत नको, हवा लागेल असा ठेवा.

प्रतिसाद ३

तिन्ही परदेशी नावं वाचली, म्हणून एक घरचं सुचवतो. कच्छमध्ये अंजार आणि भुजजवळचं रेहा इथे सुडी-चप्पूची, म्हणजे अडकित्ते आणि चाकू घडवण्याची जुनी परंपरा आहे. पितळी मुठीचे घडीचे चाकू तिथे अजून हाताने होतात. कुणी कच्छला जाणारं असेल तर मागवून घ्या, कारागिराच्या हातचा मिळेल आणि बजेटही फारसं हलणार नाही.

कायद्याचंही लक्षात असू द्या. शस्त्र नियम २०१६ मध्ये ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांची शस्त्रांत वर्गवारी आहे, घरगुती आणि शेतीची हत्यारं त्यातून वगळली आहेत. तुमचे सगळे त्याहून खूप लहान. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असेल तेव्हा सार्वजनिक ठिकाणी चाकू बाळगायला बंदी असते, तिथे पात्याची लांबी बघत नाहीत. विमानात केबिनच्या बॅगेत तर नाहीच.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. इतकं नेमकं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं.

मूठ घासून पाहिली. कापराचा वास स्पष्ट आला. शेफील्डचा चाकू लगेच पेटीतून काढून वरच्या फळीवर सुती कापडावर ठेवला आहे. शेजारी असलेल्या पायोनियरच्या पात्यावर काही दिसत नाही, पण ओपिनेलच्या मुळाशी एक तांबूस कड होती. ती मी इतके दिवस हवेच्या नावावर टाकत होते.

चाकूचं ठरलं: हिगोनोकामी, पितळी मुठीचा, आओगामी वारिकोमी. बकच्या बाजूने दिलेली कारणं सगळी खरी आहेत आणि निव्वळ वापरासाठी घ्यायचा असता तर तोच घेतला असता. पण पात्याला हाताशिवाय दुसरा आधारच नाही असा चाकू मला हातात घेऊन बघायचा आहे. निगा राखायला मी तयार आहे, लिक्विड पॅराफिन आणलं सुद्धा. बक त्यानंतर. डूक-डूकचा मोह सुटलेला नाही, तरी तो रांगेत मागे.

कच्छच्या चाकूबद्दल दादा, एक विचारायचं आहे. रेहाच्या घडीच्या चाकूत पाठीला स्प्रिंग असते का, की हिगोनोकामीसारखा नुसता आवळ खिळा? तुमच्याकडे असेल तर उघडा आणि मिटलेला, दोन्ही बाजूंनी पाठीचा फोटो टाकाल का? दिवाळीनंतर ओळखीतलं एक कुटुंब भुजला जाणार आहे, त्यांच्याकडे नेमकं काय मागायचं ते मला लिहून द्यायचं आहे.