पाय बांधणाऱ्या आयांना मोकळं सोडायचं का?

रानजाई: चीनमधल्या पाय बांधायच्या प्रथेबद्दल बोलताना सगळा दोष पुरुषांच्या आवडीवर टाकायची पद्धत पडली आहे. मला ते पटत नाही. पाच-सात वर्षांची पोर धरायची, अंगठा सोडून चारही बोटं तळव्याखाली मुडपायची, लांबलचक सुती पट्टीने करकचून आवळायची आणि रात्री तिने सोडू नये म्हणून पट्टीचं टोक शिवून टाकायचं. तीन चिनी इंच, म्हणजे जेमतेम १० सेंटिमीटर पाऊल झालं की ते 'सोन्याचं कमळ'. हे करायचं कोण? बहुतेक घरांत आई, नाहीतर आजी. जिने स्वतः ते सोसलं तिनेच पुन्हा पट्टी हातात घेतली, तर तिला नुसती बळी कसं म्हणायचं?

तिरकस: असहमत. एकट्या आईने नाही बांधले तर काय? बाकी गाव बांधतंच आहे, म्हणजे हिच्या पोरीला स्थळ नाही. म्हणून तर १९व्या शतकाच्या शेवटी ज्या विरोधी मंडळ्या निघाल्या, त्यांत शपथ दुहेरी असायची: मुलीचे पाय बांधणार नाही आणि मुलाला बांधल्या पायांची बायको करणार नाही. दुसऱ्या अर्ध्याशिवाय पहिल्याला किंमत नव्हती. नुसत्या हुकमांचं काय झालं बघा. कांगशी बादशहाने १६६४ मध्ये बंदी घातली, १६६८ मध्ये मागे घेतली. १९०२ मध्ये राजमाता त्सीशीचं फर्मान, १९१२ मध्ये प्रजासत्ताकाची बंदी, आणि आतल्या खेड्यांत तरी बांधणं चालूच.

हातमाग: दोघंही लग्नावरच अडकलात. लॉरेल बॉसेन आणि हिल गेट्स या संशोधक खेडोपाडी जाऊन दीड हजाराहून जास्त म्हाताऱ्यांशी बोलल्या. पाय कधी बांधले याबरोबरच लहानपणी हाताने काय काम करायचीस, हेही विचारलं. सूत कातणं, कापड विणणं, चटया. पोर एका जागी बसली तर घरात पैसा येतो, असा तो हिशेब. गिरणीचं स्वस्त सूत आलं, हातकताईला भाव राहिला नाही, तसं बांधणंही सुटत गेलं. आईच्या डोळ्यांपुढे जावई असेल-नसेल, चरखा नक्की होता.

रानजाई: मग तर माझंच म्हणणं खरं ठरतं की! पोरीच्या भल्यासाठी बांधले, एवढी तरी सबब होती. आता तीही गेली.

हातमाग: पोटाला मिळवणं ही सबब नाही? बाई, भरल्या पोटी लिहिताय.

सिंगापूरकर: ऑफिसातल्या मैत्रिणीच्या पणजीचा जोडा तिच्या घरी बिस्किटांच्या डब्यात आहे. मूळ घर श्यामेनचं. भरतकाम वगैरे काही नाही, रोजचा काळा सुती जोडा, माझ्या तळहातात मावला. टाच बाहेरच्या बाजूने पार झिजलेली, तिथे दुसऱ्या रंगाचं ठिगळ. मैत्रिणीची मावशी अभिमानाने सांगते, गल्लीत सगळ्यांत लहान पाय आमच्या आजीचे. मैत्रिणीची आई म्हणते, रात्री दार लावून पाय धुवायची आणि वास खोलीबाहेर यायचा. बहिणी-बहिणींचं यावरून अजून वाजतं. आणि हक्का या चिनी समाजातल्या बायका पाय बांधत नसत, त्यांची लग्नं होतच होती, हे तिरकस यांनी लक्षात घ्यावं.

तिरकस: हक्का लोकांची लग्नं हक्का लोकांतच होत होती, तिथे कुणीच बांधत नव्हतं. माझा मुद्दा तोच आहे.

डॉ. खवचट: मावशीच्या अभिमानाचं ठीक, पण शरीर वेगळं सांगतं. बीजिंगमधल्या म्हाताऱ्या बायकांची तपासणी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. ८० च्या पुढच्यांत ३८ टक्के बायकांचे पाय बांधलेले होते. त्या जास्त पडत, आणि हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठणं त्यांना जड जाई.

जुनी_वही: आपल्याकडे काय वेगळं होतं? माझ्या पणजीच्या थोरल्या जावेचं केशवपन सासूनेच करवलं. १८९० मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडेंनी मुंबईच्या न्हाव्यांना एकत्र करून 'विधवांचे केस कापणार नाही' म्हणवून घेतलं, तेव्हा वस्तरा धरणारा हातच मागे झाला. चीनमध्ये तसा बाहेरचा हात नव्हता.

डॉ. खवचट: अवांतर. केस परत वाढतात, पावलाची मोडलेली कमान सरळ होत नाही. वयात आलेल्या बाईची पट्टी एकदम सोडली तर तेही दुखायचं. शान्शी प्रांतात येन शीशानच्या राजवटीत तपासनीस दारात यायचे आणि दंड ठोकायचे. चाळिशीच्या बाईला सुधारणा म्हणजे दुसऱ्यांदा तेच पाय दुखणं.

रानजाई: हे मान्य. तरी मूळ प्रश्न राहतोच. सिंगापूरकर, त्या पणजीने स्वतःच्या मुलीचे बांधले का?

सिंगापूरकर: बांधले, आणि वर्षाच्या आत सोडले. का, यावर घरात दोन मतं. मावशी म्हणते, मिशनच्या शाळेत बांधल्या पायांची मुलगी घेत नव्हते. आई म्हणते, शाळाबिळा काही नाही, ज्या घरात सोयरीक ठरत होती त्यांना नव्या चालीची सून हवी होती. पणजीला कधी वाईट वाटलं असं मात्र दोघींपैकी एकीनेही ऐकलेलं नाही.