मदत हवी आहे: नोव्हेंबरअखेर माथेरान, सोबत आई-बाबा

कोथरूडकर:
शुक्रवारी जाऊन शनिवारी परत. आई-बाबा सत्तरीचे, आईचा गुडघा दुखतो, सामान दोन बॅगा. मिनी ट्रेन नेरळपासूनच धरावी का? कार न्यावी की रेल्वे बरी? थंडी किती असते?

घाटवाट:
नेरळच्या मिनी ट्रेनच्या भरवशावर राहू नका. 21 किमीला दोन तासांहून जास्त लागतात आणि फेऱ्या मोजक्याच. दस्तुरी नाक्यापर्यंत गाडीने चढा, तिथून अमन लॉज स्टेशनवरून माथेरानला जाणारी शटल ट्रेन घ्या. दस्तुरीच्या पुढे खासगी वाहनांना बंदी आहे. शटल चुकली तर बाजारापर्यंतची अडीच-तीन किमीची लाल मातीची वाट आईंना जड जाईल. म्हणून दस्तुरीला पोहोचताच एकाने थेट तिकिटाच्या रांगेत उभं राहायचं. पार्किंग, प्रवेशकर, चहा हे बाकीच्यांनी उरकावं. सुटे पैसे जवळ असू द्या.

रेल्वेने यायचं तर कर्जतला उतरून मुंबईकडची लोकल घ्या. भिवपुरी रोडनंतर नेरळ. दस्तुरीसाठी शेअर टॅक्सी स्टेशनबाहेरच मिळते.

हॉटेलवाला 'बाजाराजवळच' म्हणतोच! त्याला विचारा, माथेरान स्टेशनपासून चालत किती मिनिटं, आणि वाटेत चढ किती. हमाल ठरवताना हॉटेलचं नाव सांगूनच भाव करा.

सह्यभटक्या:
कार नेणार असाल तर एक्स्प्रेसवे खोपोलीला सोडून कर्जतमार्गे नेरळ. नेरळच्या वरचा घाट अरुंद आणि खडा आहे. चौघं आणि सामान असेल तर पहिला गिअर, एसी बंद. वळणावर थांबलात की पुन्हा उचलताना क्लच जळतो, त्यामुळे पुढच्या गाडीपासून अंतर राखा. उतरतानाही पहिला-दुसराच, नुसत्या ब्रेकवर उतरलं की ते तापून पकड सोडतात.

कोथरूडकर:
धन्यवाद. पॉइंट कोणते झेपतील? आणि स्वेटर?

घाटवाट:
शार्लोट लेक आणि इको पॉइंट, बस्स. पॅनोरमा फार लांब, तो सोडाच. सूर्यास्ताला पॉर्क्युपाइनला गेलात तर टॉर्च हवाच: सहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि झाडीत लगेच मिट्ट काळोख होतो. खाऊची पिशवी हातात धरू नका, माकडं हिसकावतात.

स्वेटर एकेक पुरे. पहाटेचा गारठा बरेचदा पुण्यातच जास्त असतो. थंड हवा खाली खोलगटात साचते, माथेरानच्या माथ्यावर थांबत नाही. वारा मात्र कानात शिरतो, आई-बाबांना कानटोप्या घ्या.