करकपात म्हणजे कर घटला की कर कापला?

परभणीकर: एका पुस्तिकेचं भाषांतर चालू आहे. विषय असा, की सरकारने लोकांचे कर कमी करायचे की देशावरचं कर्ज फेडायचं, आणि दोन्हींचा मेळ कसा बसवायचा. पहिल्याच पानावर मी 'करकपात' लिहिलं आणि निवृत्त मास्तर असलेल्या मामांना वाचायला दिलं. मामा उठून कपाटातली फॉर्म १६ची, म्हणजे कापलेल्या कराच्या दाखल्यांची, फाईल घेऊन आले. "पेन्शनीतून आणखी कापायलेत का रे?" त्यांचं तरी काय चुकलं? ठेवीच्या व्याजातून बँक कापते तीही करकपातच. मग माझ्यावालीला काय म्हणू?

व्याकरणपंत: पाणीकपात झाली की पाणी कमी येतं, पगारकपात झाली की पगार. ज्याची कपात तेच घटतं. म्हणून करकपात म्हणजे कर घटणं, दुसरा अर्थच नाही. बँक करते ती वसुली. तिला कपात म्हणणाऱ्यांनी घोळ घातलाय.

मोंढानाका: पंत, पाणीकपात म्हणे! २०१६ला लातूरला रेल्वेनं पाणी आणलं तेव्हा कपात करायला नळाला होतं काय? हा शब्द मोंढ्यात, धान्याच्या बाजारात शिकावा. आडत्याच्या पट्टीवर हमाली, तोलाई, आधी घेतलेली उचल असं एकेक कापत शेवटी उरतं ते आपलं. कपात म्हणजे हातात कमी पडणं. मामांचं बरोबर आहे.

गोदाकाठ: पट्टीवरून आठवलं. घरपट्टीतली पट्टी आपण भरायची, आडत्याकडची पट्टी आपल्याला मिळायची. आजोबा "पट्टी कमी आली" म्हणाले की आजी आधी विचारायची, "कुठली? हसू का रडू?"

हिशोबी: मूळ प्रश्नाकडं या की. सूट, सवलत, वजावट, दरकपात हे चार वेगळे शब्द आहेत. २०२५च्या बजेटात आयकराच्या नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत कर नाही, तो कलम ८७अ मधल्या सुटीमुळे. शिवाय दरांचे टप्पेही बदलले. त्यात केंद्राने अंदाजे १ लाख कोटी सोडले, आणि तरी २०२५-२६ची तूट जीडीपीच्या ४.४ टक्क्यांवर आणायचं ठरवलं. खरी गोम तुमच्या दुसऱ्या शब्दात, कर्ज 'फेडणे'त आहे. तूट म्हणजे यंदाची नवी उचल. ती कमी घेतली तरी जुन्या कर्जात भरच पडते. उतरतं ते जीडीपीशी असलेलं प्रमाण. त्या बजेटात रुपयातले २० पैसे नुसत्या व्याजाला होते. 'फेडणे' लिहू नका, 'कर्जाचा भार उतरवणे' लिहा.

बीडवाला: उचल हा शब्द असा कुठंही वापरू नका, साहेब. उचल म्हणजे कोयत्याची, ऊसतोड मजुरानं मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली. ती फेडत नसतात, ती फिटते. नाही फिटली तर पुढच्या साली त्याच मुकादमाच्या टोळीत.

व्याकरणपंत: फेडणे सकर्मक, फिटणे अकर्मक, बाकी अर्थ एकच.

बीडवाला: एकच कसा? फेडणारा मी असतो. फिटलं का नाही ते मुकादमाची वही सांगते.

मोंढानाका: अन् फिटलं की सोसायटीकडून बेबाकीचा दाखला आणायचा. भाषांतरात हा शब्द घाला, लई नेमका आहे.

व्याकरणपंत: बेबाक म्हणजे निर्भीड. फारसी शब्द तरी नीट वापरा.

गोदाकाठ: ते बेबाक वेगळं, पंत. दाखल्यातलं बे-बाकी, म्हणजे बाकी नसलेला. आमच्याकडं निजामाच्या वेळेपासून दफ्तरात उर्दू मुरलेली, हा फरक आम्हाला शिकवू नका.

परभणीकर: तूर्त 'करात घट' लिहून पुढे गेलोय. मामांनी शेजारी लाल पेनानं लिहिलंय, "किती किलो?"

व्याकरणपंत: ते असू द्या. बेबाकीतला 'की' मूळचा का मराठीनं लावलेला?