मदत हवी आहे: रिदमिकच्या प्रॅक्टिससाठी उंच छताचा हॉल
लेक 9 वर्षांची, दोन वर्षं रिदमिक जिम्नॅस्टिक्स (म्युझिकवर हूप म्हणजे मोठी रिंग, रिबन वगैरे घेऊन करतात ते) करतेय, आता कॉम्पिटिशनला उतरायचंय. क्लास आठवड्यातून तीनदाच, बाकी दिवस घरी, पण आमची लालबागची खोली 10 बाय 12 फूट आणि कॉम्पिटिशनचं फ्लोअर 13 बाय 13 मीटर! हूप वर फेकला की पंख्याला, रिबनचं तर विचारूच नका, सीनियर मुलींची 6 मीटरची असते, हिची छोटीये तरी कपाटाच्या हँडलला अडकते, आणि गाठ पडली की मार्क कापतात म्हणून रडारड वेगळीच. परळ-दादरकडे संध्याकाळी तासभर हॉल भाड्याने मिळेल का कुठे? लग्नाचा पण चालेल, फक्त झुंबर नको 😅 आणि गर्दीच्या लोकलमधून हूप कसा नेता हो तुम्ही?