मदत हवी: मामांच्या गाडीवर तीन चरे, मामा रविवारी येणार

नमस्कार मंडळी. तीन फोटो टाकलेत. आधी ते बघा, मग शिव्या घाला.

गाडी माझी नाही, मामांची. केए-२२, म्हणजे बेळगाव पासिंग, चंदेरी मेटॅलिक. नऊ वर्षं झाली तरी मामा दर रविवारी स्वतः पुसतात, त्यामुळं कालच आणल्यागत दिसते. मामा-मामी पुण्याला मुलीकडं गेलेत. जाताना किल्ली देऊन म्हणाले, "बॅटरी उतरायला नको, अधेमधे चक्कर मार." मी चक्कर मारली ती थेट चिकोडीपर्यंत. मित्राचं लग्न होतं.

हुक्केरी सोडल्यावर पुढं उसाचा डबल ट्रॉलीवाला ट्रॅक्टर. दोन्ही बाजूंनी ऊस हातभर बाहेर आलेला. सीझनमध्ये तिकडं गाडी चालवलेल्यांना सांगायला नको. अर्धा तास मागं राहिलो आणि शेवटी घाई केली. ओव्हरटेक करताना डावीकडून सर्रर्र आवाज आला. मागच्या डाव्या दारावर दहा-बारा बारीक रेघा, मांजरानं ओरबाडल्यासारख्या.

दुसरं म्हणजे शहापूरच्या आमच्या बोळात रिव्हर्स घेताना मागचा बंपर स्वतःच्याच गेटला घासला. गेट हिरवं आहे, बंपरवर आता वीतभर हिरवा पट्टा.

तिसरं खरं दुखणं. खडेबाजारात दहा मिनिटांसाठी गाडी लावली. परत येतोय तर पुढच्या डाव्या दारावर बोटभर लांब, खोल चरा, आणि शेजारची दुचाकी गायब. आत राखाडी दिसतंय आणि मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढा पत्रा उघडा. आज सकाळी दव पुसताना त्या दाण्याची कड तांबूस वाटली.

बहिणीनं टूथपेस्ट सुचवली. उसाच्या रेघांवर चोळली, गेल्या! घरभर नाचलो. दुसऱ्या दिवशी गाडी धुतली, रेघा जागच्या जागी. एका गॅरेजात विचारलं तर न बघताच दोन पॅनेल पूर्ण मारायला लागतील म्हणाले, सात हजार. घरी काही जमेल काय?

उद्यमबागवाला: टूथपेस्ट रेघ काढत नाही भावा, थोडी घासते आणि बाकी रेघेत भरून बसते. पाणी लागलं की निघाली.

तीन जखमा तीन जातीच्या आहेत, एकच औषध लावू नका. कंपनीच्या रंगात पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग, सगळ्यात वर क्लिअर कोट. हा क्लिअर साधारण ४० मायक्रॉन, डोक्याच्या केसापेक्षा पातळ. उसाच्या रेघांवरून नख फिरवा, मग पाणी मारा. नख अडकत नसेल आणि ओलं असताना रेघ दिसेनाशी होत असेल तर चरा फक्त क्लिअरमध्ये आहे. गाडी धुवा, सावलीत लावा, पत्रा गार होऊ द्या. रबिंग कंपाउंड (रंग घासायची पेस्ट) मायक्रोफायबरच्या फडक्यावर घेऊन वीतभर जागेत हातानं घासा, नंतर पॉलिश. मशीन नको. दाराच्या कडेवर क्लिअर आणखी पातळ असतो, तिथं जोर लावलात तर खालचा रंग वर येईल आणि मग खरंच सात हजार.

हिरवा पट्टा बहुतेक चरा नाहीच, गेटचा रंग वर बसलाय. तोही आधी कंपाउंडनं बघा. नाहीच निघाला तर थिनर, तोही फडक्यावर घेऊन एक-दोन हात, लगेच धुवायचं.

खानापूररोडवरून: थिनरच्या आधी एक विचारा. बंपर पूर्वी कधी पेंट केलेला आहे काय? कंपनीचा भाजलेला रंग दोन हात सोसतो, बाहेर मारलेला काही वेळा फडक्याबरोबर उठून येतो. मी माझ्या गाडीला करून बसलोय.

दारावरच्या चऱ्याला मात्र वेळ लावू नका. बंपर प्लॅस्टिकचा, तो गंजत नाही. पत्रा गंजतो, आणि गंजावर रंग मारला तर फोड येऊन पुन्हा वर येतो. वॉटर पेपरचा (ओला करून वापरायचा बारीक पॉलिश पेपर) लहान तुकडा काडीच्या टोकाला गुंडाळून फक्त तांबूस जागा घासा, बाहेर पसरू नका. स्पिरिटनं पुसा. प्रायमरचा एक थेंब, तो पूर्ण वाळला की टचअपचा रंग टूथपिकनं पातळ, दोन-तीन थर, मध्ये अर्धा अर्धा तास. एका थेंबात चरा भरायला गेलात तर रंग फुगून वर येतो. शेवटी क्लिअर. सकाळच्या दवात करू नका, क्लिअर पांढरट पडतो. अकरा ते तीन बरं.

टचअपची बाटली घ्यायला रंगाचा कोड लागेल. बहुतेक ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर नाहीतर बॉनेटखाली स्टिकर असतो. नुसतं "सिल्व्हर" म्हणून आणू नका, एकाच कंपनीच्या दोन चंदेरीत फरक असतो. आणि मेटॅलिकचं आधीच सांगतो: काडीनं लावलेल्या रंगात चमकीचे कण स्प्रेसारखे बसत नाहीत. दोन हातांवरून दिसणार नाही, मामा वाकून बघितले तर दिसणार.

धागाकर्ता: मामा वाकूनच बघतात की हो. इन्शुरन्सचं काय?

उद्यमबागवाला: एवढ्यासाठी क्लेम? १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १००० रुपये तसेही खिशातून जातात, वर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत असतो. पॉलिसी मामांची, सहीही त्यांचीच लागणार. पॉलिश पेपर मारून चकाकी आणायला क्लिअरनंतर आठवडाभर थांबायचं, म्हणजे रविवार तसाही चुकला. फोन करा मामांना.

धागाकर्ता: अपडेट. उसाच्या रेघा कंपाउंडनं नव्वद टक्के गेल्या, दोनच उरल्यात, त्या उन्हात तिरकं बघितलं तर दिसतात. हिरवा पट्टा निम्मा गेला. थिनर हातात घेतलं आणि तुमचं आठवलं, म्हणून शेवटी फोन लावला. लग्नापासून गेटपर्यंत सगळं सांगितलं. मामा जरा वेळ गप्प. मग हळू आवाजात म्हणाले, "थिनर लावू नकोस. तो बंपर दोन वर्षांखाली पेंट केलाय." कशानं विचारलं तर म्हणाले, "त्याच गेटला. मामीला बोलू नकोस."

कोडचा स्टिकर दाराच्या खांबावर सापडला, बाटली मागवलीय. तोवर दाण्यावर प्रायमर मारून ठेवलाय. उरलेल्या हिरव्याला पुन्हा कंपाउंडच, थोडं थोडं.