निवेदक पडद्यावर कुठे जातो? ‘यही सच है’ आणि ‘रजनीगंधा’

तुकोगंजकर
पुस्तकावरून निघालेल्या चित्रपटाची चर्चा सुरू झाली की आपल्याकडे दुसऱ्या मिनिटाला ‘काय काय गाळलं’ याची यादी निघते. ती यादी बाजूला ठेवा. आधी एवढंच विचारा: मूळ गोष्ट कोण सांगत होतं, आणि पडद्यावर ते काम कुणाच्या अंगावर पडलं?

उदाहरण मुद्दाम हिंदीतलं घेतो, इंदुरातला मराठी माणूस दोन्हीकडचं वाचतोच. मन्नू भंडारींची ‘यही सच है’. (त्यांचा जन्म भानपुऱ्याचा, यशवंतराव होळकरांची छत्री आहे त्या गावचा. म्हणजे आपल्याच मुलखातल्या.) कथा दीपाच्या तोंडून, रोजनिशीच्या अंगानं जाते, आणि तुकड्यांना मथळे शहरांचे: कानपूर, कलकत्ता, पुन्हा कानपूर. कानपुरात आजचा प्रियकर संजय, त्याच्यावरचं प्रेम खरं; कलकत्त्यात जुना प्रियकर निशीथ भेटला की त्याच्यावरचं खरं. दीपा कुठेच खोटं बोलत नाही. पण तिच्या दोन प्रामाणिक कबुल्या शेजारीशेजारी आल्यानं वाचकाला तिच्यापेक्षा जास्त कळतं. कथेचं सगळं बळ त्या फटीत आहे.

आता बासू चटर्जींचा 1974 चा ‘रजनीगंधा’. कॅमेऱ्याला ‘मी’ म्हणता येत नाही. संजय वेळेवर येत नाही ही कथेत दीपाची तक्रार आहे. पडद्यावर संजय झालेला अमोल पालेकर खरंच उशिरा येतो आणि ऑफिसातलं राजकारण ऐकवत बसतो. तक्रारीची वस्तुस्थिती झाली. माध्यमांतर फसतं ते गाळल्यामुळे नव्हे, निवेदक पोरका झाल्यामुळे. आणि व्हॉइसओव्हर हा त्यावरचा उपाय नाही, पळवाट आहे.

गराडू
यादी बाजूला ठेवा म्हणणं सोपं आहे, दादा. हिशेब बघा. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, हा धंद्यातला ठोकताळा. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ ही कादंबरी तीनशेच्या आसपास पानांची. मोठ्यानं वाचायला पानाला दोन मिनिटं धरली तरी दहा तास. तिच्यावरचा चित्रपट दोन तासांच्या आतला. म्हणजे पाचातले चार भाग जाणारच. उरलेल्या एका भागात गोष्ट सांगणारा मुकुंद जोशी कोणता राहतो, हे कात्रीच ठरवते.

त्या कादंबरीत पोरं अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगवर नुसती बसलेली असतात. टिवल्याबावल्या, मास्तरांच्या नकला, कोण कुणाची ‘लाइन’ याचा काथ्याकूट. पटकथालेखकाच्या नजरेला हा सगळा फापटपसारा, कारण त्यानं गोष्ट पुढे सरकत नाही. तो कमी केला की जोशीला आवडणाऱ्या शिरोडकरचा एकही प्रसंग न वाढवता तिचं प्रमाण आपोआप दुप्पट होतं. कादंबरीतला जोशी नववीचं एक अख्खं वर्ष जगतो. पडद्यावरचा जोशी प्रेमात पडलेला मुलगा होतो. पात्र बदललं, आणि निवेदकाला कुणी हातही लावला नव्हता.

मावशी रामबागवाल्या
दोघंही पुस्तकावर अडून बसलात. नाटकाचं काय? ‘नटसम्राट’मध्ये निवेदक नाहीच. 1970 साली शिरवाडकरांचं नाटक आलं तेव्हा त्यातल्या म्हाताऱ्या नटाची, गणपतराव बेलवलकरांची, स्वगतं रंगमंचाच्या संकेतावर उभी होती. माणूस एकटा उभा राहून मोठ्यानं बोलतो आणि हजारभर प्रेक्षक ते खपवून घेतात, कारण नाटकात तसं चालतं. कॅमेरा तोंडापासून तीन फुटांवर आणा, तेच बोलणं वेडसर वाटायला लागतं. मग पटकथेपुढे वाटा थोड्याच उरतात. बोलणं कापायचं, मनातला आवाज म्हणून ऐकवायचं, नाहीतर ऐकायला कुणीतरी द्यायचा. 2016 च्या चित्रपटानं तिसरी धरली: गणपतरावांचा मित्र रामभाऊ. नाटकात हे पात्रच नाही. विक्रम गोखल्यांनी ते असं केलं की लोकांना मूळचंच वाटलं. हा जोडकामाचा उत्तम नमुना आहे, आणि तुकोगंजकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तरही. निवेदक नसला तर श्रोता नेमायचा.

गराडू
मावशी, पण किंमत मोजली ना. बरोबरीचा नट मित्र म्हणून मिळाला की गणपतरावांचं एकटेपण पातळ होतं. नाटकात बायको कावेरी गेल्यावर जवळ येतो तो रस्त्यावरचा बूटपॉलिशवाला राजा. त्याला गणपतरावांची भाषणं कळत नाहीत, माणूस कळतो. न समजणारा श्रोता आणि सगळं समजणारा श्रोता, यात फार फरक आहे. रामभाऊ भूमिका म्हणून भारी, पण गणपतरावांच्या पात्राला तो टेकू आहे.

मावशी रामबागवाल्या
टेकू म्हणा. टेकूशिवाय पावणेतीन तास चालवून दाखवा.

छप्पनचा भिया
तुम्ही लोक इतकं बारीक कातून राह्यले आणि शहरांचं कुणी बोलतच नाही! कथेत कानपूर आणि कलकत्ता. चित्रपटात दिल्ली आणि मुंबई. निशीथचा नवीन झाला, तो जाहिरातीच्या धंद्यात. कानपूर–कलकत्ता यात उतार आहे: एकीकडे शोधनिबंध लिहिणारी एकटी मुलगी आणि ठरलेल्या संध्याकाळी, दुसरीकडे महानगर आणि जुनं प्रेम. दिल्ली–मुंबई केलं की दोन्ही पारडी सारखी. मथळ्यातली शहरंच जर कथेची यंत्रणा असतील, तर हा बदल निवेदक काढण्यापेक्षा मोठा झाला.

तुकोगंजकर
मुद्दा मान्य, निष्कर्ष नाही. मथळ्यांचं काम शहरांच्या आकारानं होत नाही, अंतरानं होतं. दीपा एका माणसापासून लांब गेली की दुसरा खरा वाटतो, आणि दिल्ली–मुंबईत अंतर भरपूर आहे. नवीनला जाहिरातवाला केल्यानं दिग्दर्शकाला फुकटात एक गोष्ट मिळाली: पार्ट्या, माणसांचा गराडा, आणि त्यात गप्प बसलेली दीपा. कथेत ती ‘मला इथे परकं वाटतंय’ असं सांगू शकते, इथे ते नुसतं दिसतं. दृश्याचं काम दृश्यानं केलं.

खजराना रोड
व्हॉइसओव्हर पळवाट म्हणताय, पण याच चित्रपटात दीपाचा मनातला आवाज मधूनमधून ऐकू येतो, तो विसरलात. आणि त्याहून गमतीची गोष्ट ‘कई बार यूँ भी देखा है’. टॅक्सीत शेजारी नवीन, दीपा खिडकीशी, मनात दोन माणसांची ओढाताण. विचार तिचे, आवाज मुकेशचा! शब्द योगेश यांचे, संगीत सलिल चौधरींचं, आणि मुकेशला याच गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आता सांगा, इथे निवेदक कोण? बाईच्या रोजनिशीतला ‘मी’ एका पुरुषाच्या गळ्यात गेला. मला ही चोरी वाटते. लताबाईंनी याच चित्रपटातलं शीर्षकगीत गायलंय, म्हणजे स्त्रीचा आवाज हाताशी होता.

मावशी रामबागवाल्या
चोरी कसली! लताबाईंच्या आवाजात ते गाणं दीपाची कबुली झालं असतं, आणि कबुली म्हणजे निर्णय. तिचा निर्णयच तर झालेला नाही. मुकेशचा आवाज दीपाचा नाही, नवीनचा नाही, संजयचाही नाही. तो मनाबद्दल बोलतो, मनातून बोलत नाही. कथेतली जी फट तुकोगंजकर सांगतात, ती पडद्यावर इथे उघडते.

खजराना रोड
हे गाणं ऐकून पटतं, पाहून नाही. डोळ्यांपुढे तीच असते.

पटकथेचा कागद
हवेत भांडण्यापेक्षा कागद घ्या. मूळ कथेचं एक पान निवडा, शक्यतो मधलं. पहिलं पान घेऊ नका, ते नेहमीच दृश्यमय असतं आणि फसवतं. प्रत्येक वाक्यापुढे तीनपैकी एक खूण करा: दि (दिसू शकतं), ऐ (ऐकू येऊ शकतं), क (फक्त कळतं). ‘संजय आला नाही’ हे दि. ‘तो नेहमीच असा’ हे क, कारण ‘नेहमीच’ एका शॉटमध्ये मावत नाही. त्याला दोन-तीन वेळा उशीर दाखवावा लागतो. आता चित्रपटातला तोच भाग लावा आणि प्रत्येक ‘क’चं काय झालं ते लिहा: संवादात गेलं, वस्तूत गेलं, गाण्यात गेलं, नव्या पात्रात गेलं, की नुसतंच गेलं. ‘रजनीगंधा’त बऱ्याच ‘क’ फुलांत गेल्या आहेत. फुलं कथेतही आहेत, पण पडद्यावर ती फुलदाणीत राहून संजय खोलीत नसतानाही त्याची जागा धरून बसतात.

दोन ठिकाणी हमखास घसरतं. एक, लोक चित्रपट आधी पाहतात आणि मग कथा वाचतात. मग दीपाच्या जागी तिचं काम करणारी विद्या सिन्हाच दिसते आणि ‘क’ खुणा निम्म्यावर येतात. दुसरं, खुणा आठवणीतून करतात. तो भाग एकदा आवाज बंद करून बघा. तरीही जे कळतं तेवढंच दिग्दर्शकानं दृश्यात आणलं, बाकीचं संवादलेखकाच्या खात्यात.

तक्त्यात दीपा हजर नसलेली दृश्यंही मोजा. प्रथमपुरुषी कथेवरच्या चित्रपटात अशी दृश्यं वाढली की समजायचं, गोष्ट तिच्या हातून सुटली.

गराडू
तक्ता छान, पण एका माणसाच्या डोक्यातल्या गोष्टीपुरता. ‘सिंहासन’ला लावून बघा. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’, एकत्र करून तेंडुलकरांनी पटकथा केली, जब्बार पटेलांचा 1979 चा चित्रपट. तिथे ‘मी’ कुणीच नाही. मंत्री, कामगार पुढारी, स्मगलर, सगळ्यांचीच बाजू. पत्रकार दिगू टिपणीस सगळीकडे फिरतो म्हणून तो निवेदक वाटतो, पण तो नसलेली दृश्यं भरपूर आहेत, आणि त्यामुळे काही बिघडत नाही. तुमच्या मोजणीनं हा चित्रपट नापास होईल!

पटकथेचा कागद
नापास नाही, मोजायचं दुसरं. असंख्य पात्रांच्या कादंबरीत ‘कोण सांगतं’ हा प्रश्न बाद. तिथे ‘कुणाला काय माहीत आहे’ हे प्रसंगागणिक लिहायचं. दिगूला प्रेक्षकापेक्षा कधी कमी, कधी जास्त माहीत असतं, आणि शेवटी त्याला इतकं कळलेलं असतं की दिगू झालेल्या निळू फुल्यांचं ते शेवटचं हसणं येतं. माहितीचा साठा एका पात्रात जमत जातो. निवेदक नसून निवेदकाचं ओझं वाहणारा माणूस.

तुकोगंजकर
म्हणजे काम कुणाच्या अंगावर पडलं, हाच प्रश्न झाला की. मी सुरुवातीला तेच विचारलं होतं.

गराडू
तुम्ही यादी फेकून द्या म्हणाला होतात. दोन कादंबऱ्यांतलं काय ठेवलं याची यादी केल्याशिवाय ते ओझं दिगूवरच का पडलं, हे कसं कळणार?

छप्पनचा भिया
कानपूरचं उत्तर अजून बाकी आहे हां. कथेच्या मधल्या पानावर कलकत्ता आहे, म्हणून तुम्हा सगळ्यांना अंतर दिसून राह्यलं. शेवटचं ‘कानपूर’ उघडा आणि त्यावर दि-ऐ-क लावा. तिथे पत्राची वाट बघणारी रिकामी खोली आहे. दिल्लीत ती खोली कुठेय?